सड्यावरचं यंत्र आणि माहेरचं लुगडं

आमच्या वाडीच्या वर काळ्या कातळाचा सडा आहे. त्यावर एक सिमेंटचा चौथरा उरलाय. बायका त्यावर मिरच्या नि कुळीथ वाळत घालतात. नव्या सुना विचारतात, हा चौथरा कसला? कुणीतरी म्हणतं, दुर्बिणीचा. पुढचं कुणी सांगत नाय, कारण कुणाला ठाऊक नाय. मला ठाऊक आहे, म्हणून लिहितो. शाळा माझी दुसरीत सुटली. अक्षर वाकडं येतं, पण माझं मला येतं. दुसऱ्याला सांगून लिहून घेतलं असतं तर त्याने त्याच्या पदरचं घातलं असतं.

पुण्याहून माणसं आली तेव्हा मोबाईल पोलादपूरच्या बाजारात एखाद्याच्या कमरेला दिसायचा. त्यांना अंधार पाहिजे होता. म्हणाले, तुमच्या सड्यावर चांगला अंधार आहे. मी म्हटलं, तो तर सरकारने फुकट दिलेला हाय, घ्या. सड्याचा तो तुकडा माझ्या नावचा. मी भाडं मागितलं नाय, एकच अट घातली. राखण माझी. यंत्राच्या घराला माझ्याशिवाय वाडीतल्या दुसऱ्या कुणाचा हात लागला तर त्या दिवशी यंत्र उचला नि चालू लागा. त्यांच्यातल्या मोठ्या म्हणजे एक बाई होत्या, पस्तिशी-चाळिशीच्या, केस आखूड, चाल पुरुषासारखी. सगळे त्यांना मॅडम म्हणत, मीही म्हणू लागलो. त्या हसल्या. म्हणाल्या, "काका, अट मंजूर. पण काम ऐकून घ्या आधी."

काम असं होतं. चौथऱ्यावर पत्र्याची खोली, आणि तिचं छप्पर रुळावर मागे सरकणारं. आत दुर्बीण. दुर्बीण म्हटल्यावर मला लांब नळी वाटली होती. ही पाण्याच्या पिंपासारखी बुटकी नि जाड. तिला डोळा लावायची सोय नव्हती. बघायचं ते संगणक बघणार. दिवे लागायच्या वेळेला छप्पर आपोआप उघडायचं, पहाटे आपोआप बंद व्हायचं, दंव पडलं तर मध्येच बंद व्हायचं. माणूस लागतच नव्हता. फक्त त्या रुळांना लागायचा. आमच्याकडे शिमग्याच्या पुढेमागे दाढ भाजतात. म्हणजे भाताचं रोप जिथे करायचं तिथे पालापाचोळा नि शेण पसरून जाळतात, की तण मरावं. त्याची राख वाऱ्यावर वर चढते आणि सड्यावर बसते. रुळाच्या वंगणात ती राख बसली की तिचा लगदा होतो. रोज दुपारी फडक्याला रॉकेल लावून तो पुसायचा, हे माझं काम.

मी विचारलं, हे सगळं कशासाठी? मॅडमनी सांगितलं ते मला जसं कळलं तसं लिहितो. लांब, जिथे आपली मोजदाद पोचत नाय, तिथे एखादा मोठा तारा मरतो. मरताना त्याच्यातून एक झोत सुटतो, गॅमा किरणांचा. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाय, पण वर फिरणाऱ्या उपग्रहाला कळतो. उपग्रह खाली कळवतो, ते टेलिफोनच्या तारेवरून इथे येतं. आलं की हे यंत्र कुणाला न विचारता तिकडे तोंड करतं. कारण झोतामागे जी उजेडाची धुगधुगी राहते ती बघता बघता विझत जाते. उशीर केला की तिथे काळोखच.

"म्हंजे मयताचा सांगावा हाय," मी म्हटलं. "तोंड बघायला पळायचं."

मॅडम म्हणाल्या, "असं कुणी सांगितलं नव्हतं मला. पण हो."

त्या तारेवरून आमचं एक भांडण झालं. टेलिफोनचे खांब सड्यापर्यंत आले, वाडीत मात्र फोन नाय. मी म्हटलं, तुमच्या ताऱ्याच्या मरणाचं तुम्हाला लगेच कळणार, आणि आमचं माणूस मुंबईत नाय तर महाडात गेलं तर आम्हाला दुसऱ्या दिवशी एसटीवाल्याकडून कळणार? खांब आमच्या रानात, आणि सांगावा तेवढा तुमचा? दोन दिवस मी रूळ पुसला नाय. तिसऱ्या दिवशी मॅडमनी तोडगा काढला. दिवसा फोन वाडीचा, दिवे लागले की यंत्राचा. नंबर पोलादपुरातल्या किराणा दुकानात लिहून लावला, कुणालाही मिळावा म्हणून. तेव्हापासून दुपारी रूळ पुसताना कुणाकुणाचे फोन मीच उचलायचो आणि सड्याच्या कडेवरून खाली हाळी द्यायचो.

आता बायचं सांगतो. आम्ही थोरल्या बहिणीला बाय म्हणतो. माझी बाय तुडीलला दिलेली, सावित्रीच्या काठी. आई लवकर गेली, मला तिनेच कडेवर वागवला. ती लवकर विधवा झाली, एक मुलगा नि एक मुलगी वाढवली. यंत्र येण्याच्या पाचसहा वर्षं आधी त्या भाचीचं लग्न निघालं. आता मुलीला बोहल्यावर आणायचं ते मामाने. हा मामाचा मान, कुणाला मागून मिळत नाय नि कुणाला देता येत नाय. मी भाचीचा आहेर घेऊन सकाळीच निघालो होतो. एसटी महाडच्या अलीकडे बिघडली. दुसरी आली ती भरून आली. मी पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. गावातल्या कुणा शेजाऱ्याला मामा म्हणून उभा केला होता. तो माझ्यासमोर फेटा बांधून पान खात बसलेला.

मी भाच्याला विचारलं, "वाट बघितली नाय?"

भाचा गरम डोक्याचा, माझ्याच रक्ताचा. चार लोकांत म्हणाला, "मामा, मुहूर्त थांबतो काय कुणासाठी?"

मी आहेर बायच्या हातात ठेवला आणि वळलो. बाय मागून आली, हात धरला. म्हणाली, "दोन घास खा नि मग जा रे." मी खाल्लं नाय. सांगितलं, भाचा मानाचा नारळ घेऊन माझ्या दारात येऊन बोलवील तेव्हाच या घरात पाय ठेवीन. आमच्यात रीत आहे तशी. ज्याचा मान मोडला त्याला नारळ देऊन बोलवायचं. भाचा आला नाय. मी गेलो नाय. बाय दोनदा माझ्याकडे येऊन राहून गेली, पण मुलाबद्दल ती काही बोलली नाय नि मी विचारलं नाय. मग तिचे गुडघे धरले आणि तिचं येणं बंद झालं. लोक म्हणतात, म्हाताऱ्याचा हट्ट. असेल. पण चूक त्यांची होती, हे मी आजही म्हणतो.

हे सगळं मी मॅडमना सांगितलेलं होतं. त्या कधीकधी विचारायच्या, "आला का नारळ?" मी म्हणायचो, "यायचा हाय."

एके दिवशी दिवे लागायच्या वेळेला आम्ही चौथऱ्याच्या कडेला चहा पीत बसलो होतो. छप्पर उघडलेलं होतं. आत एक बारीक शिट्टी वाजली आणि ते पिंप गरकन वळलं. इतक्या जोरात की मी दचकून कप सांडला. मकरंदगडाच्या अंगाला तोंड करून ते थांबलं. मॅडम आत धावल्या. मी दाराबाहेर चपला काढून उभा राहिलो. पडद्यावर तीळ सांडावेत तसे ठिपके, आणि त्यातल्या एकावर त्यांनी बोट ठेवलं.

"हा. हा काल नव्हता."

"मेला तो हाच काय?"

"हाच."

"कवा मेला?"

"आपली पृथ्वी झाली नव्हती तेव्हा."

मी विचार केला. "म्हंजे सांगावा लय उशिरा आला."

"उशिरा नाही, काका. निघाल्यापासून धावतोच आहे तो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तीच जागा पुन्हा दाखवली. आजूबाजूचे तीळ तिथेच, आणि तो ठिपका होता तिथे काळं. मी बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "आणि हे यंत्र कुठेही बोलावलं की जातं? नारळ नाय, सुपारी नाय?"

"बोलावलं की जातं."

"मग तो गडी झाला. मानकरी नव्हे."

त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पण खंडेनवमीला मी नांगर-कोयत्याबरोबर त्या यंत्रालाही हळदकुंकू वाहिलं नि झेंडू बांधला. काचेला हात नको, लोखंडी पायाला बांधा, एवढंच त्या म्हणाल्या. घरात राबणाऱ्या हत्याराला आम्ही देवासारखं धरतो, मग ते गडी असलं तरी.

पुढच्या शिमग्यानंतरची गोष्ट. दुपारची वेळ, खाली दाढ भाजायला सुरुवात झालेली, मी रूळ पुसत होतो. फोन वाजला. माझे हात रॉकेलचे, म्हणून मॅडमनी उचलला. थोडा वेळ ऐकलं, मग बाहेर आल्या. तोंड वेगळंच.

"काका, तुडीलहून होता. तुमचा भाचा. म्हणाला, मामाला सांगा, आईचं काही खरं नाय. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं." मग पुढे, "आणि म्हणाला, बोलावलंय असं सांगू नका. नुसतं सांगा."

"नारळाचं काय बोलला?"

"काका, फोनमधून नारळ कसा येईल?"

मी फडकं खाली ठेवलं नाय. अर्धा रूळ राहिला होता तो पुसून पुरा केला. मॅडम उभ्याच होत्या. बोलल्या नाहीत, ते बरं केलं. बोलल्या असत्या तर मी गेलो नसतो, माझा स्वभाव मला ठाऊक आहे. पुढे त्या कुणाकुणाला सांगायच्या की यंत्र बघून काका शहाणे झाले. ते खोटं आहे. यंत्राकडून शिकायला मी काही दूधपितं पोर नव्हतो. बाय माझी होती म्हणून मी गेलो. एवढं मात्र खरं, की रूळ पुसताना पडद्यावरची ती काळी जागा माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

अंगावरच्या कपड्यानिशी उतरलो. पोलादपूरला एसटी मिळाली, महाडला दुसरी. तुडीलला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. दारात भाचा उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. तो बाजूला झाला. उंबऱ्यापाशी माझा पाय थांबला, खोटं कशाला सांगू. मग आतून बायचा आवाज आला, "कोन गो आलं?" आणि मी आत गेलो.

ती एवढीशी झाली होती. गोधडीत माणूस आहे की नाय कळेना.

"मी हाय."

"तू?" डोळे लहान करून बघत राहिली. "नारळ नेला काय कोनी?"

"नाय."

"मंग कसा आलास?"

"आलो."

तिच्या तोंडावर हसू आलं. सुनेला म्हणाली, "पान वाढ गो त्याला. लग्नाचा उपाशी हाय तो."

सुनेने भाकरी नि सुकटीचं कालवण वाढलं. बायच्या गोधडीशेजारी बसून मी जेवलो. ती प्रत्येक घास बघत होती. मध्येच म्हणाली, "मीठ कमी हाय ना? ही घालीतच नाय." सून म्हणाली, "आत्या, मामांसमोर तरी नको." बाय म्हणाली, "त्याच्यासमोरच. बाकी कोन ऐकतंय माजं?" मग डोळे मिटून पडली. माझा हात तिने धरून ठेवला होता, उष्टाच.

उजाडताना ती गेली.

आता आमच्याकडे बाईमाणूस गेलं की अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. ते भावाने आणायचं. ते आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. मी रिकाम्या हाताने आलो होतो, कारण जिवंत माणसाच्या घरी लुगडं घेऊन कोण जातो? शेजारपाजारचे जमले. एक जण म्हणाला, महाडला माणूस धाडू, लुगडं आणील. मी म्हटलं, "माहेर मी हाय. मीच आणीन."

महाडला पोचलो तोवर दुपार झाली आणि कापडाचं दुकान बंद. शुक्रवार होता, दुकानदार जुम्म्याच्या नमाजाला गेलेला. बाकीची दुकानं होती, पण आमच्या घरची लुगडी बापाच्या वेळेपासून त्यांच्याच दुकानातून. बायचं लग्नाचं लुगडंही तिथलंच. मी पायरीवर बसलो. ऊन डोक्यावर आलं होतं. मनात यायचं, तिकडे आता म्हणत असतील, मढं किती वेळ ठेवायचं? एकदा थांबले नव्हते, आता कशाला थांबतील?

दुकानदार आला, माझ्याच वयाचा, टोपी हातात. मला बघून कुलूप उघडता उघडता विचारलं, "कवा?"

"उजाडताना. बाय."

"इन्ना लिल्लाह." त्याने नऊवारी पांढरी काढली. विधवेला पांढरंच नेतात. मी म्हटलं, "डाळिंबी काढ."

तो थांबला. "लोक बोलतील."

"बोलू देत. माझ्या घरातनं गेली तवा ती विधवा नव्हती."

त्याने डाळिंबी काढली, घडी पुन्हा नीट घातली. मयताच्या कापडाला मी भाव करत नाय आणि तो वाढवून सांगत नाय. बांधता बांधता म्हणाला, "माझा थोरला दुबईला हाय. माझ्या वेळेला पोचतो की नाय, अल्ला जाणे." मग बाहेर येऊन त्याने त्याच्या भावाचा टेम्पो थांबवला. "याला तुडीलला सोड. मध्ये कुठे उभा राहू नको."

टेम्पो तुडीलच्या वळणावर आला तेव्हा मी आधी अंगण बघितलं. माणसं पडवीच्या सावलीत कोंबून बसलेली, तिरडी बांधून तयार. मी कुंपणापाशी उतरलो तोवर कुणी बघितलं नव्हतं. एक म्हातारा चढ्या आवाजात म्हणत होता, "अरे, ऊन बघ. किती ठेवशील? महाडला काय लुगडं विणायला घेतलंय तुझ्या मामाने?"

आणि भाचा म्हणाला, "मामा आल्याबिगर उचलायची नाय. रात झाली तरी चालंल."

मी तिथेच कुंपणाला धरून थोडा उभा राहिलो. मग आत गेलो नि लुगडं त्याच्या हातात दिलं. रंगाबद्दल तो काही बोलला नाय, दुसऱ्याला बोलू दिलं नाय. सावित्रीच्या काठी तिला अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी राख सावडून मी वर आलो. परघरी दिलेल्या बहिणीचं आम्हाला तीन दिवसांचं सुतक. सुतकात देवाला हात लावत नाहीत. ज्या यंत्राला मी हळदकुंकू वाहिलं त्याला कसा लावणार? मी तारेच्या कुंपणाबाहेर बसून राखण केली, आत पाय ठेवला नाय. मॅडम पुण्याला गेल्या होत्या, यंत्राला माणूस लागत नव्हता. फोन करून सांगावं तर फोनही त्याच खोलीत. वाडीतल्या दुसऱ्या कुणाला रूळ पुसायला सांगावं तर अट माझीच. खाली सगळीकडे दाढ भाजत होते. राख काळ्या पाखरांसारखी वर येत होती.

त्याच संध्याकाळी छप्पर हातभर सरकलं, करकरलं आणि अडकलं. थोड्या वेळाने आत शिट्टी वाजली. यंत्र वळल्याचा आवाज आला. त्याने पत्र्याकडे तोंड केलं असणार. मी कुंपणाबाहेर उभा होतो. रूळ माझ्यापासून दहा पावलांवर होता.

सकाळी मॅडम जीपने आल्या. पुण्याला त्यांना संगणकावर सगळं दिसलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. "काका, दोन वर्षांत एवढा जवळचा झोत आला नव्हता. दुसऱ्या देशात बघितला त्यांनी. आपल्याला पत्रा दिसला."

"मला सुतक होतं."

"ते यंत्र आहे, देव नाही!"

"नसंल. पण माझ्या बायचा सांगावा त्याच्याच तारेवरनं आला. सुतकात मी त्याला शिवणार नाय. आज नाय, पुढेही नाय. काढून टाकायचं तर टाका."

त्या चौथऱ्यावर बसल्या. बराच वेळ रुळातला काळा लगदा बोटाने खरवडत राहिल्या. मला वाईट वाटलं नाय असं नाय. तो ताराही मेलाच होता, आणि आमच्या सड्यावरून त्याचं तोंड कुणी बघितलं नाय.

मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "पोहोचलात तुम्ही? बोलल्या त्या?"

"बोलली. मीठ कमी हाय म्हणाली."

"आणि भाचा?"

"काय भाचा?"

"थांबले का ते? तुमच्यासाठी?"

मी कुंपणाबाहेरच उभा होतो. सुतक अजून एक दिवस बाकी होतं.

"थांबले," मी म्हटलं. "लुगडं येईपर्यंत थांबले."

त्यांनी मान हलवली. हात पुढे करून म्हणाल्या, "ते फडकं कुठे ठेवता तुम्ही? आणि रॉकेल?"

मी बाहेरूनच बोट दाखवलं. त्या दिवशी रूळ त्यांनी पुसला. कसा पुसायचा ते मी कुंपणाबाहेरून सांगत होतो.